इंजिन थंड झाल्यावर

सकाळी ६.४५

शटर वर केलं की पहिलं काम हात लावून बघायचं. पांढरी मर्सिडीज ई-२२० काल संध्याकाळी टो करून आली आणि तेव्हापासून बॉनेट उघडं ठेवून उभी आहे. इंजिनाच्या हेडवर तळहात टेकवला. पूर्ण गार. आता पान्याला हात घालायला हरकत नाही.

अॅल्युमिनियमचं हेड गरम असताना बोल्ट सैल केले तर ते वाकडं होण्याचा धोका असतो. त्यामुळे हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट बदलण्याच्या कामाची सुरुवात रात्रभर थांबण्यापासून होते. या रात्रीची मजुरी बिलात लिहिता येत नाही, पण ती वगळून हे काम नीट होत नाही.

गाडी १९९६ची आहे. मर्सिडीजने टेल्कोबरोबर १९९४ मध्ये भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, या ई-२२० जोडल्या जाऊ लागल्या. चाकणचा कारखाना त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००९ मध्ये आला. बिल्ला जर्मन असला तरी ही गाडी जोडली गेली ती आमच्याच गावात. बॉनेटखाली २१९९ सीसीचं चार सिलिंडरांचं, सोळा व्हॉल्व्हचं, १५० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आहे. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. आजच्या दिवसाचं सगळं दुखणं या दोन धातूंच्या मधल्या फटीत आहे.

७.१५

चहा घेता घेता कालच्या नोंदी पुन्हा वाचतो. मालक निवृत्त बँक अधिकारी. साताऱ्याला निघाले होते. दुपारचं ऊन, एसी चालू आणि खंबाटकीचा चढ. घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. "थोडंच राहिलंय, वर पोचून थांबू," म्हणून ते चालवत राहिले. मग काटा आपोआप खाली आला, त्यांना हायसं वाटलं आणि ते सुरूर फाट्यापर्यंत गेले. तिथे वाफेचा लोट उठला आणि गाडी बंद पडली.

तो काटा खाली का आला, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेलं की त्याच्याभोवती नुसती वाफ आणि हवा उरते, आणि तो खोटं सांगायला लागतो. लाल पट्ट्याजवळ गेलेला काटा गाडी न थांबवता अचानक खाली आला तर ती आनंदाची बातमी नसते. इंजिनात पाणी उरलं नसल्याची ती खूण असते.

काल रात्री मी निदान पक्कं केलं. रेडिएटरच्या टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावली. इंजिनातला जळका वायू पाण्यात मिसळत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा निळा द्रव पिवळा पडतो. पिवळा पडला. कॉम्प्रेशन घेतलं, तर एक आणि चार नंबरला बारा बारच्या आसपास, दोन आणि तीनला आठच्याही खाली. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले म्हणजे त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी गेली. ऑइल मात्र स्वच्छ होतं, त्यात पाणी उतरलं नव्हतं. ही मोठी कृपा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चाललं असतं तर बेअरिंगपर्यंत उतरावं लागलं असतं.

८.००

कामाला लागतो. माझ्या हाताखालचा पोरगा तीन वर्षांपासून शिकतोय. बॅटरीची तार काढली, पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवला, रेडिएटर आणि ब्लॉकचं उरलंसुरलं पाणी ट्रेमध्ये घेतलं. ते गंजाच्या रंगाचं निघालं. म्हणजे या गाडीत बरीच वर्षं कूलंट नाही, नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं जात होतं. कूलंट गंज आणि क्षार रोखतं. ते नसेल तर पाणी अॅल्युमिनियम आतून खात राहतं.

रेडिएटर बाहेर काढल्यावर घाटातला गुन्हेगार सापडला. वरच्या होजचं प्लॅस्टिकचं तोंड चिरलं होतं. इतक्या वर्षांच्या उष्णतेने हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि एखाद्या दिवशी दाब वाढला की तडकतं. एवढीशी चीर, पण तिने सगळी यंत्रणा रिकामी केली. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. टाकीचं झाकण यंत्रणेत १.४ बारपर्यंत दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. तोंड चिरलं की दाब जातो, दाब गेला की पाणी उकळतं, आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी वाहून नेऊ शकत नाही. घाटात काही मिनिटांत हेच झालं.

९.१५

आता वरचा पसारा. हवेच्या फिल्टरची नळी, इंजेक्टरची रेल, इनलेट मॅनिफोल्ड. पोरगा प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून त्यावर नाव लिहितो, कनेक्टरला चिकटपट्टीचे तुकडे लावतो. वायरिंगला हात लावण्याआधी मी त्याला थांबवतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या या गाड्यांच्या इंजिन वायरिंगवरचं आवरण वयाने आणि उष्णतेने इतकं ठिसूळ होतं की वाकवलं तरी चुरा होऊन पडतं. तार उघडी पडली की शॉर्ट, आणि मग गॅस्केट उत्तम बसूनही गाडी अडखळत चालते. वायरिंगचा लूम ओढायचा नाही. आधार देऊन बाजूला घ्यायचा आणि कापडावर ठेवायचा.

"दादा, हे आता मी केलं तर चालेल?" त्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे बोट दाखवलं.

"कर. पण जोर लावायच्या आधी एकदा आवळायच्या दिशेने हलव. नट हलला तरच सोडव."

काल रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, त्यामुळे एकही स्टड तुटला नाही. तुटलेला स्टड हेडमधून ड्रिल करून काढण्यात अर्धा दिवस जातो. रात्री दोन मिनिटं दिली म्हणून तो वाचला.

१०.१५

चेनचं काम मी स्वतः करतो. एक नंबरचा पिस्टन कारखान्याने ठरवलेल्या खुणेवर आणला, कॅमशाफ्टच्या खुणा जुळवल्या आणि चेनच्या कडीवर व चाकाच्या दातावर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. आधी चेनचा टेन्शनर पूर्ण बाहेर काढायचा. तो अर्धवट सैल केला तर आतला दट्ट्या पुढे येऊन अडकतो आणि परत आवळताना चेनवर नको इतका ताण येतो. चाकं काढली की चेन तारेने वर बांधून ठेवायची, नाहीतर ती खाली टायमिंग कव्हरमध्ये घसरते.

पुढच्या टोकाला, चेनच्या खणात, काही छोटे बोल्ट असतात. हेड टायमिंग कव्हरला धरून ठेवतात ते हेच. वरून ते पटकन दिसत नाहीत. मोठे बोल्ट काढून झाल्यावर हेड हलत नाही म्हणून कुणी पहार घालतो आणि कव्हरचा कान मोडतो. म्हणून आधी हे छोटे मोजून काढले, मग मोठे दहा. सोडवताना कडेकडून मध्याकडे यायचं, एका दमात नाही, थोडं थोडं करत फेऱ्यांनी.

१०.५०

दोघांनी दोन टोकांनी धरून हेड सरळ वर उचललं आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. गॅस्केट ब्लॉकवरच राहिली. दोन आणि तीनच्या मधली पट्टी जळून काळी झाली होती आणि तिथून एका पाण्याच्या छिद्राकडे वाट पडली होती. दोन नंबरच्या पिस्टनचा माथा लख्ख होता, शेजारच्यांवर मात्र काजळी. पाणी सिलिंडरमध्ये येऊन वाफ झालं की ती वाफ पिस्टन धुऊन काढते. कालचे आकडे आज डोळ्यांनी दिसले.

पोराला मी गॅस्केट हातात घ्यायला लावली. जेमतेम दोनेक मिलिमीटर जाडी. सिलिंडरमधला पन्नास बारच्या वरचा दाब, बाजूच्या वाटांतलं पाणी आणि ऑइल, हे सगळं तिने एकमेकांपासून वेगळं ठेवायचं. त्यात वर आणि खाली दोन वेगळे धातू. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीचं हेड सत्तर अंशांनी तापलं की मोकळं असतं तर सुमारे पाऊण मिलिमीटर वाढेल, ब्लॉक त्याच्या निम्माच. प्रत्येक वेळी गाडी तापते आणि निवते तेव्हा हा फरक ही पातळ पट्टी सोसते. पंचवीसेक वर्षं सोसत आली. घाटात ती कमकुवत निघाली नाही, तिच्याकडून कुणीही सोसू नये तेवढं मागितलं गेलं.

११.१५

आता मोजमाप, दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास. हेडचा तळ साफ करून त्यावर घासून तयार केलेली पोलादी सरळ पट्टी ठेवली: उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी. पट्टीखालून फीलर गेजच्या पाती सरकवून पाहिल्या. लांबीत, मधोमध, ०.१० मिलिमीटरची पाती सहज गेली. आडव्या दिशेला तर अशा हेडला ०.०५ मिलिमीटरही जास्त. हेड वाकलंय. पाण्याच्या दोन छिद्रांच्या कडाही खाल्ल्या गेल्या आहेत. आहे तसं हेड बसवलं तर नवी गॅस्केट काही महिन्यांत उडणार.

ब्लॉक मात्र सरळ निघाला. त्या क्षणी मन मोकळं झालं. बिडाचा ब्लॉक अशा प्रसंगी बहुतेक वेळा तग धरतो, तरी मोजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

११.४५

हेड टेम्पोत घालून भोसरीला. मशीन शॉपच्या काकांना कालच फोन करून वेळ मागून ठेवली होती. ते आधी हेडची परीक्षा घेतात. पाण्याची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. गरम पाण्यात, कारण काही भेगा धातू फुगल्यावरच उघडतात. आम्ही दोघं टाकीवर वाकून व्हॉल्व्हच्या बैठकांमधल्या जागा बघत राहिलो. सुरूर फाट्यावर कुणीतरी तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं होतं, त्यामुळे मला याच जागांची भीती होती. एकही बुडबुडा आला नाही.

मग काकांनी तळाच्या कडेला कठीणपणा तपासला. अति तापलेलं अॅल्युमिनियम मऊ पडतं आणि मऊ हेड कितीही सपाट केलं तरी बोल्टच्या दाबाखाली दबत जातं. हे अजून कणखर होतं.

"किती घेऊ?" त्यांनी विचारलं.

"सपाट होईल एवढंच. एक धागा जास्त नको."

हेडला फेस मारताना, म्हणजे तळ घासून सपाट करताना, हाव धरायची नाही. धातू जितका जाईल तितका ज्वलनकक्ष लहान होतो आणि कॉम्प्रेशन वाढतं. या इंजिनाचं मूळ प्रमाणच दहास एक आहे. शिवाय हेडची उंची ठरलेल्या हद्दीखाली गेली की पुढच्या वेळी ते भंगारातच घालावं लागतं. व्हॉल्व्हची सीलंही आत्ताच बदलायला सांगितली. कॅमखालचे टॅपेट ज्याच्या त्याच्या जागी परत जायला हवेत, म्हणून काका खणाखणांच्या ट्रेमध्ये ते क्रमाने लावून ठेवतात.

दुपारी १.१५

डबा खाऊन मालकांना फोन केला. खर्च सांगितला. नवा रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज, हेडचा गॅस्केट-सेट, बोल्ट, मशीनचं काम आणि मजुरी. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"गाडीला बाजारात जे मिळेल त्याचा बराच भाग यातच जाईल हो."

"जाईल, काका. नुसती गॅस्केट बदलून आज कमी पैशात गाडी सुरू करून देता येईल. पण तडकलेलं रेडिएटर तसंच ठेवून, हेड न घासता. ते काम मी करणार नाही."

थोड्या वेळाने त्यांनी होकार दिला. जुन्या आलिशान गाड्यांचं मरण बहुतेक वेळा इथेच ठरतं. गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग आणि तिला लागणारी निगा बनवल्या दिवसाच्याच तोलाची राहते. मालक अर्धी दुरुस्ती मागतो, मिस्त्री अर्धी दुरुस्ती करून देतो, आणि पुढच्या वर्षी ज्या गाडीला "पांढरा हत्ती" म्हणतात तिच्यात मुळात काही वाईट नसतं.

२.००

पोरगा नाना पेठेतून सामान आणायला गेला. मी ब्लॉक साफ करायला बसलो. सिलिंडर आणि ऑइलच्या वाटांत स्वच्छ कापडाचे बोळे बसवले आणि जुनी गॅस्केट हाताने, बोथट पात्याने खरवडली. ग्राइंडरला लावायची खरखरीत चकती वापरली तर काम दहा मिनिटांत होतं, पण तिची धूळ ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते आणि तिचे खड्डे सपाट पृष्ठभागात उरतात. तास लागला तरी हातानेच.

मग बोल्टची छिद्रं. प्रत्येक छिद्र तळापर्यंत कोरडं करायचं. खाली ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते. ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा घालू शकतं, किंवा टॉर्क रेंचला खोटं वाचन देतं: बोल्ट आवळला गेला असं वाटतं आणि हेड मात्र सैल. हवा मारली, कापड फिरवलं, पुन्हा हवा मारली, बॅटरीच्या उजेडात तळ पाहिला.

४.३०

हेड परत आलं. मशीन शॉपच्या काकांचा शब्द पक्का आहे, तरी मी माझी पट्टी लावली. सगळ्या दिशांना ०.०५ची पातीसुद्धा आत शिरली नाही. नवी गॅस्केट पिशवीतून आत्ताच काढली आणि ब्लॉकच्या गजांवर कोरडीच बसवली. आपल्याकडे भरवसा म्हणून दोन्ही बाजूंना अॅनाबॉण्ड हा सीलंट फासायची सवय आहे. इथे ती घातक आहे. गॅस्केटवरचा लेप तापून स्वतःच चिकटतो. वरून घातलेला चिकट थर तिला घसरायला मदत करतो आणि जास्तीचा तुकडा पाण्याच्या वाटेत पडतो. फक्त टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे भेटतात त्या दोन कोपऱ्यांवर बोटाच्या टोकाएवढा त्याचा ठिपका.

५.१५

हेड खाली उतरवलं आणि नवे बोल्ट, आट्यांना व डोक्याखाली ऑइलचा हात लावून, हाताने बसवले. हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, त्या ताणाची पकडच हेड धरून ठेवते. एकदा हद्दीपलीकडे ताणलेला बोल्ट पुन्हा तसा ओढत नाही.

क्रम मधून बाहेर, चाकाचे नट समोरासमोर आवळतात त्याच कारणासाठी: दाब सगळीकडे सारखा बसावा. पहिली फेरी ५५ न्यूटन-मीटर, जुन्या मिस्त्रींच्या भाषेत साडेपाच किलो. मग रेंच बाजूला ठेवून कोनमापक लावला आणि प्रत्येक बोल्ट ९० अंश फिरवला. मग पुन्हा दहाही ९० अंश. शेवटच्या फेरीत दांड्यावर दोघांचं वजन पडतं आणि बोल्ट करकरतो. पोरगा प्रत्येक बोल्टनंतर त्याच्या डोक्यावर रंगाची रेघ मारत होता, कुठला राहिला असं होऊ नये म्हणून. शेवटी पुढचे छोटे बोल्ट.

६.३०

चेन, चाकं, टेन्शनर. ठिपके जुळले. तरी स्टार्टर मारायचा नाही. क्रँक पान्याने दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवला. या इंजिनात वेळ चुकली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात. हाताने फिरवताना भिडले तर नुसती अडचण कळते, स्टार्टरने भिडले तर व्हॉल्व्ह वाकतात. कुठे अडलं नाही, खुणा पुन्हा जागेवर आल्या.

मॅनिफोल्ड, रेल, नवा वॉटर पंप, ८७ अंशांचा थर्मोस्टॅट, नवे होज, नवा रेडिएटर. ऑइल आणि फिल्टर बदलला. रेडिएटरमागच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच हाताने फिरवून पाहिला आणि पुढच्या दोन इलेक्ट्रिक पंख्यांना थेट वीज देऊन तपासलं. एक फिरलाच नाही. त्याची मोटर जाम होती. खंबाटकीच्या चढावर एसी चालू असताना हा पंखा उभाच होता. म्हणजे प्लॅस्टिक तडकायला लागलेला जास्तीचा ताप इथून आला. फुटलेल्या तोंडावर समाधान मानलं असतं तर ही मोटर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच करून गेली असती. मोटर बदलली.

८.००

अर्धं कूलंट, अर्धं शुद्ध पाणी. गाडीचं नाक थोडं उंच, हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे आत अडकलेली हवा वर येईल. आधी इंजेक्टर बंद ठेवून ऑइलचा दाब येऊ दिला, मग किल्ली. दुसऱ्या फिरवणीत इंजिन पकडलं. पहिल्या मिनिटाला टॅपेटचा टकटकाट, मग ऑइल वर पोचलं आणि आवाज विरला.

आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे. ऐंशीच्या पुढे गेल्यावर वरचा होज हाताला गरम लागला, थर्मोस्टॅट उघडला. एसी लावला, दोन्ही पंखे फिरले. काटा नव्वदच्या आसपास स्थिर. टाकीच्या तोंडावर पुन्हा निळा द्रव धरला. पंधरा मिनिटं उलटली, तो निळाच राहिला.

९.००

मालक आले. इंजिन चालू होतं. त्यांनी आधी आवाज ऐकला, मग काटा पाहिला. मी त्यांना जुने भाग एका खोक्यात दिले: तडकलेलं तोंड, जळालेली गॅस्केट, जाम मोटर. प्रत्येकाचं कारण सांगितलं. गाडी आज नेऊ नका, म्हणालो. रात्रभर थंड होऊ दे, सकाळी पाण्याची पातळी बघून मी चाचणीला काढतो, मग तुमच्या ताब्यात.

आणि एक गोष्ट त्यांच्या हाताने वहीत लिहून घेतली, ती सगळ्यांसाठीच आहे. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच गाडी बाजूला लावून इंजिन बंद. झाकण उघडायचं नाही, थंड पाणी ओतायचं नाही, निदान तासभर थांबायचं. ज्या घाटात "थोडंच राहिलंय" असं वाटतं तिथेच थांबायचं. त्या एका तासात रेडिएटर आणि पंख्याची मोटर एवढ्यावर निभावलं असतं. हेड, गॅस्केट, बोल्ट आणि आमचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा हा सगळा दिवस वाचला असता.